मुंग्यांच्या घरांतील तोतया पाहुणा

मृगाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब व बाभळींवर जमतात आणि त्यांच्यासाठीं प्रकाश-सापळे लावावे लागतात, हें नगर जिल्ह्यांतील ऊसबागाइतदारांस सांगावयास नको. रात्रीं दिव्यावर येणाऱ्या भुंगेऱ्यांत पॉसस नांवाचाहि एक लहान, तांबूस-तपकिरी भुंगेरा असूं शकतो. त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक नसून गदेसारख्या फुगीर असतात. हिंदुस्थानांत याच्या अनेक जाती असून फाउलर यांनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें आहे.

याची वस्ती मुंग्यांच्या बिळांत असते. ज्या मुंग्यांत मोठ्या डोक्याचे शिपाई असतात व ज्या खळ्यांतील दाणे वाहून नेतात, त्यांच्याकडेच हा बहुधा राहतो. परका किडा आंत शिरला तर मुंग्या त्याचे तुकडे करितात. मग हा कसा वांचतो? याच्या अंगावरील केसांच्या झुबक्यांजवळ एक रस पाझरतो व तो मुंग्या आवडीनें चाटतात. शिवाय मोरोक्कोंतील एका जातीविषयीं २०१५ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तो अंग घासून राणीमुंगीसारखा आवाज काढतो. अशा रीतीनें मान मिळवून हा पाहुणा यजमानाचींच पिलें फोडून त्यांतील रस पितो! कोणी छेडलेंच, तर शेपटाकडून फट् आवाज करून दाहक वाफ सोडतो.

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस हा प्रकार बनावट शिक्क्याच्या सनदेसारखा वाटतो. शिक्का पाहून पहारेकरी वाट देतो आणि चोर थेट कोठारांत जाऊन बसतो.

शेतकऱ्यानें यांतून काय घ्यावें? पॉसस पिकास तोंड लावीत नाहीं. मात्र तो मुंग्यांचा नायनाट करील, अशीहि आशा धरूं नये. खरा शत्रु हुमणी होय. तिची अळी मुळें खाते व उभा ऊस वाळवते. तिचा भुंगेरा सुमारें २० मिलिमीटर लांब असतो. पॉसस बहुधा त्याच्या निम्म्याहूनहि लहान. रॉकेलाच्या पाण्यांत पडलेला किडा मित्र कीं शत्रु, हें पाहिलें जात नाहीं. यास्तव आमची सूचना अशी कीं, हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीनंतर लवकरच जमिनीबाहेर पडतात, तेवढे एकदोन तासच सापळा चालवावा व पुढें दिवा मालवावा. झाडांच्या फांद्या हालवून खालीं पडलेले भुंगेरे वेंचून मारणें हें त्याहून चांगलें. कारण त्यांत निवड आपल्या हातीं राहते. हें काम गांवानें एकजुटीनें केलें तरच फळ मिळतें. एकट्याच्या बांधास भुंगेरा ओळखीत नाहीं.