इंजेक्टर एकदम उघडतात की एकापाठोपाठ? ‘चेक इंजिन’चा दिवा लागला तर हे माहीत हवं

२००० सालच्या आसपास आलेल्या अनेक पेट्रोल गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरं झळकायची. अर्थ एवढाच, की कार्बोरेटर गेला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर मिळाला. पण हे इंजेक्टर उघडतात कधी, हे त्या अक्षरांवरून कळत नाही.

चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पेट्रोल पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की चारही सिलिंडरचं एक चक्र पूर्ण होतं. ३००० आरपीएमला या चक्रासाठी मिळतात फक्त ४० मिलिसेकंद.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे चारही इंजेक्टर एकदम उघडायचे. प्रत्येक फेऱ्याला एकदा, निम्मं-निम्मं पेट्रोल. दुसरी पद्धत जोडीची, दोन-दोन इंजेक्टर एकत्र. दोन्हींत एक अडचण आहे. काही सिलिंडरचं पेट्रोल बंद व्हॉल्व्हच्या मागे वाट बघत बसतं. तिसरी पद्धत ‘सिक्वेन्शियल’. यात ज्या सिलिंडरची हवा घेण्याची पाळी जवळ आली, त्याचाच इंजेक्टर उघडतो. हल्लीच्या गाड्यांत हीच पद्धत असते.

याचा फायदा कुठे होतो? हायवेवर नाही, सिग्नलवर. ६००० आरपीएमला चक्र २० मिलिसेकंदांवर येतं आणि एक्सलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर इंजेक्टर त्यातला बराचसा वेळ उघडाच असतो. मग पाळी असली काय, नसली काय! आयडलिंगला मात्र इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो, त्यामुळे वेळ नेमकी साधली की धूर कमी आणि इंजिन शांत. शिवाय एखादा सिलिंडर मिस होत असेल तर फक्त त्याचंच पेट्रोल तोडता येतं. नाहीतर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

पण पाळी कोणाची, हे ईसीयूला कसं कळतं? पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. एक पेट्रोल पेटवायला, दुसरा धूर बाहेर ढकलायला. क्रँक सेन्सरला दोघे सारखेच दिसतात. कॅमशाफ्ट मात्र दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो, म्हणून त्याच्यावरचा सेन्सर हा गोंधळ सोडवतो.

तोच सेन्सर गेला तर? बऱ्याच गाड्या क्रँक सेन्सरच्या भरवशावर चालत राहतात. स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो, पिकअप पडतो, दिवा लागतो. गॅरेजमध्ये अशा वेळी ‘इंजेक्टर गेलेत, चारही बदला’ असं ऐकायला मिळालं, तर आधी स्कॅनरवरचा कोड बघायला मागा. पी०३४० हा कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. त्यात इंजेक्टरचा दोष नसतो. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे, पण तिथेही वायर किंवा सॉकेट आधी तपासावं.

पी०३०२ आला, तर दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. आधी कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघायला सांगा, कारण ती काढणं सोपं. कोड बदलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर. इंजेक्टर तीन नंबरला लावल्यावर कोड पी०३०३ झाला, तरच नव्या इंजेक्टरचे पैसे मोजा. तेही एकाच!