गेलेलं गिऱ्हाईक: शिरोलीच्या वर्कशॉपमधला एक दिवस

सकाळी ८:१५

आमचं शटर वर जाण्याआधी गेटबाहेर तीन-चार गाड्या लागलेल्या असतात. कामावर जाताना गाडी टाकायची, सुटल्यावर घेऊन जायची, हा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या लोकांचा हिशेब. इचलकरंजी, कागल, निपाणीकडची मंडळी जरा उशिरा येतात आणि गाडी होईपर्यंत वेटिंग रूममध्येच बसतात.

मी ज्या कंपनीच्या गाड्या सांभाळतो तिचं नाव इथे लिहीत नाही. पुढे तिच्याबद्दल बरंवाईट दोन्ही येणार आहे आणि माझा पगार तिच्याच डीलरकडून होतो. एकेकाळी तिच्या गाड्यांना वेटिंग असायचं. मग लोक म्हणायला लागले, "गाडी बरी आहे हो, पण सर्व्हिसचं काय?" खप घसरला, शोरूम बंद पडली, आणि आता कंपनी परत उभी राहायची धडपड करते आहे. त्यासाठी मुंबईत जाहिराती ठरतात, दिल्लीत नवी मॉडेलं झळकतात. सर्व्हिस मॅनेजर म्हणून मला रोज दिसतं ते एवढंच, की गिऱ्हाईक राहणार की जाणार याचा निकाल बहुतेक वेळा जॉब कार्डावर लागतो.

८:३०

मॉर्निंग मीटिंग, उभ्याउभ्या. मी आधी रिपीट जॉब विचारतो: आपण दुरुस्त करून दिलेली कोणती गाडी तीच तक्रार घेऊन परत आली? एरिया मॅनेजर मात्र फोनवर आधी विचारतात, व्हीएएस किती झालं? व्हीएएस म्हणजे सर्व्हिसवर वरून विकायच्या गोष्टी. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीची फवारणी. यातलं काही खरंच लागतं. कोकणात सारख्या जाणाऱ्या गाडीला कोटिंग करावंच. पण वर्षाकाठी सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या गाडीला इंजिन फ्लश विकला की महिन्याचं टार्गेट होतं आणि मास्तर जातात. वॉरंटी संपली की ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे वळतात. पुढची गाडी कुठली घ्यावी हेही मग ते त्यालाच विचारतात. आमच्या जाहिरातीतला हिरो त्या गॅरेजवाल्यापुढे काहीच नाही.

९:००

आज गेटवर फौंड्रीवाले साहेब. तिसरी खेप. पुढच्या डाव्या बाजूनं आवाज येतो.

"पहिल्यांदा आलो तेव्हा तुमचा पोरगा म्हणाला, नॉर्मल आहे. दुसऱ्यांदा लिंक रॉड बदलला, त्याचे पैसे घेतले. आता काय नॉर्मल आहे ते एकदा सांगा, म्हणजे मी कानात कापूस घालतो."

माझ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं टॅबवर यादीतून 'फ्रंट सस्पेन्शन नॉइज' निवडलं. यादीत तेवढंच आहे. मी टॅब बाजूला ठेवायला सांगितला आणि साहेबांनाच स्टिअरिंगवर बसवलं, मी शेजारी. एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली. सांगली फाट्याकडे जाऊन परत येईपर्यंत काहीच नाही. साहेब वैतागले. मी म्हटलं, घरून निघताना कुठे वाजतं? "सोसायटीच्या गेटवर. स्पीडब्रेकर आहे आणि लगेच डावीकडे वळायचं." मग आमच्या गेटच्या स्पीडब्रेकरवरून, चाक डावीकडे अर्धं वळवून, अगदी हळू गाडी काढली. कट्! एकदाच, पायाखाली. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी समाधान दिसलं आणि मग राग.

रॅम्पवर घेऊन फिटरनं लोअर आर्मच्या बुशपाशी टॉमी लावली. रबर आतून फाटलं होतं. सरळ बघितलं तर धडधाकट, नेट दिला की चीर उघडते. पहिल्या खेपेच्या जॉब कार्डावर तक्रार 'आवाज' एवढीच होती आणि निष्कर्ष 'दोष आढळला नाही'. चाक वळवलेलं असताना वाजतं हे साहेबांनी तेव्हाही सांगितलं होतं म्हणे. त्या यादीत ते बसलं नाही.

साहेब खाली वाकून बघत म्हणाले, "माझ्याकडनं गेलेल्या कास्टिंगला मशीनिंग करताना एक ब्लो होल निघालं, तर गाडीवाली कंपनी अख्खा लॉट अडकवते. माझा माणूस जाऊन माझ्या खर्चानं तिथं सॉर्टिंग करतो. वर कारण लिहून द्यायचं, पुन्हा होणार नाही म्हणून काय केलं ते लिहून द्यायचं. आणि त्याच कंपन्या मला विचारतात, साहेब तुम्ही गाडी कशी चालवता?"

कोल्हापूरच्या फौंड्र्या देशातल्या वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवतात, त्यामुळे हे ऐकवणारी माणसं आमच्याकडे बरीच येतात. यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. व्हेंडरकडून माल घेताना जो कडकपणा कंपनी दाखवते, त्याच्या निम्मा जरी स्वतःच्या गाडीची तक्रार ऐकताना दाखवला, तरी माझं अर्धं काम संपेल.

११:१५

पार्ट्सच्या खिडकीवर कळलं, लोअर आर्म शिल्लक नाही, बॅक ऑर्डरला आहे. बुश सुटा मिळत नाही, अख्खा आर्मच घ्यावा लागतो. साडेतीनशे रुपयांच्या रबरासाठी हजारोंचा लोखंडी तुकडा! ही कुणाची अक्कल ते ठाऊक नाही, पण गिऱ्हाईक तोडायची ही खात्रीची रीत आहे. शिवाय गाडीची वॉरंटी संपून दोन महिने झालेले. पहिली तक्रार मात्र वॉरंटीतली. म्हणजे प्रकरण 'गुडविल'चं. नियमात बसत नाही, पण न्यायाचं आहे, असं तोंडदेखलं न म्हणता कंपनीनं खर्च उचलायचा.

तो अधिकार मला नाही. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला मेल करायचा.

आमचे हेड मेकॅनिक अशा वेळी इंडिकाची गोष्ट काढतात, आणि ती काढावी अशीच आहे. १९९८च्या डिसेंबरात ती गाडी आली तेव्हा लाखाहून अधिक बुकिंग झालं होतं. पण सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारींनी टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, नाकी नऊ आणले. २०००-०१मध्ये त्या कंपनीला ५०० कोटींचा तोटा झाला, तिच्या इतिहासातला पहिलाच. तोट्याच्या त्या काळात कंपनीनं ठिकठिकाणी शिबिरं भरवून सदोष पार्ट फुकट बदलून दिले, आणि २००१मध्ये सुधारलेली व्ही-टू बाजारात आणली. इंडिका त्यानंतर चालली. तिजोरी भरलेली असताना कुणीही उदार होतो, तोट्यात असताना फुकट पार्ट बदलायला छाती लागते.

दुपारी १:१५

डबा. आमच्या मजल्यावरचे दोघे आधी शेवरोलेच्या डीलरकडे होते, एक फोर्डकडे. त्यामुळे जेवताना विषय हमखास निघतो. शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सनं २०१७च्या मे महिन्यात भारतातली विक्री थांबवायचं जाहीर केलं. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२०च्या अखेरीपर्यंत चालला, आता तो ह्युंदाईकडे आहे. फोर्डनं २०२१च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करत असल्याचं सांगितलं आणि साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. कंपन्या गेल्या, कारखाने हात बदलून चालू राहिले. मधल्या मध्ये अडकला तो गाडीमालक. पार्ट मिळत राहतील असं आश्वासन होतं, पण जुन्या गाडीला येणारी किंमत आश्वासनावर टिकत नाही.

म्हणून अडचणीतल्या कंपनीच्या शोरूममध्ये मायलेजच्याही आधी प्रश्न येतो, "तुम्ही राहणार ना?" याला सेल्समननं "शंभर टक्के सर" म्हणून उपयोग नाही. गिऱ्हाईक उत्तर दुसरीकडे शोधतं: गावात वर्कशॉप आहे का, पार्ट किती दिवसांत येतो, शेजाऱ्याच्या त्याच गाडीला विकताना काय भाव आला.

फिआटचं तर मला आजही वाईट वाटतं. रांजणगावला बनणारं त्यांचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन इतकं चांगलं होतं की मारुतीनं ते परवान्यावर बनवून स्विफ्टमध्ये बसवलं. ते इंजिन लाखो लोकांनी हौसेनं घेतलं, स्विफ्टच्या बॉनेटखाली. फिआटची स्वतःची गाडी काही वर्षं टाटांच्या शोरूममध्ये विकली गेली, २०१२मध्ये वेगळी वाट धरली, आणि बीएस-सिक्स येईतो ब्रँड इथून संपला. पालिओच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. दाराशी वर्कशॉप नव्हतं.

२:४५

एरिया मॅनेजरांचा फोन. मागच्या आठवड्याचा स्कोअर घसरला आहे.

गाडी दिल्यानंतर कंपनीकडून गिऱ्हाईकाला फोन जातो, दहापैकी किती गुण द्याल? नऊसुद्धा आम्हाला नापासासारखे. त्यामुळे देशभर काय चालतं ते वाचकांना माहीतच असेल. डिलिव्हरी देताना पोरं हात जोडतात, "सर, फोन आला तर दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह जातो." लोक भले असतात, दहा देतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. कंपनीच्या पडद्यावर सगळं हिरवं, आणि माझ्या बेमध्ये रॅम्प रिकामे. त्यापेक्षा एकच आकडा मोजा: वॉरंटी संपल्यानंतरच्या वर्षी किती गाड्या आपणहून परत आल्या? त्या माणसाला कुणी हात जोडलेले नसतात.

फौंड्रीवाल्या साहेबांचं प्रकरण सांगितलं. मॅनेजर म्हणाले, मेल करा. मेल केला. तीन जॉब कार्डं, फाटलेल्या रबराचा फोटो आणि साहेबांचं ब्लो होलचं वाक्य जसंच्या तसं.

३:३०

वरच्या मजल्यावरचे सेल्सवाले चहाला खाली आले. नवीन मॉडेल येतंय, त्यांचे डोळे चमकताहेत. ते अगदीच चुकीचे नाहीत. टाटा मोटर्स २०१६च्या टियागोपासून सावरत गेली. २०१७मध्ये नेक्सॉन आली. २०१८च्या डिसेंबरात ती ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली, आणि 'टॅक्सीवाल्यांची कंपनी' म्हणणारे लोक दरवाजाच्या वजनाचं कौतुक करायला लागले. २०१९-२०मध्ये सुमारे १.३१ लाख असलेली त्यांची प्रवासी गाड्यांची विक्री २०२१-२२मध्ये ३.७ लाखांवर गेली. एवढी उडी चांगल्या मालाशिवाय मारता येत नाही. कुणी नुसत्या गोड बोलण्यानं खप वाढवून दाखवला, तर मी नोकरी सोडून त्याच्याकडे शिकायला जाईन.

पण माल चांगला असला की गिऱ्हाईक येतं, टिकेलच असं नाही. स्कोडाच्या ऑक्टाव्हियाचं उदाहरण औरंगाबादकरांना, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकरांना, सांगायला नको. शेंद्र्याला जोडली जाणारी ती गाडी चालवणाऱ्यानं शिव्या दिल्या नाहीत, बिल भरणाऱ्यानं दिल्या, आणि तो माणूस एकच होता. २०२१मध्ये कुशाक आणताना त्यांनी चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी दिली आणि देखभालीचा खर्च कमी केल्याचं आवर्जून सांगितलं. दुखणं नेमकं कुठे आहे, हे त्यांना कळलं असावं.

४:३०

लॉस्ट कस्टमरची यादी. वर्षभर न फिरकलेल्यांना फोन करायचे. हे काम कॉल सेंटरकडे आहे, पण काही फोन मी स्वतः करतो. गडहिंग्लजचे एक शिक्षक म्हणाले, एस्टिमेट एक आणि बिल भलतंच, मध्ये फोन केला नाही. एकांनी गाडी विकून टाकली. जयसिंगपूरच्या एका डॉक्टर बाई अजून चिडलेल्या होत्या. गाडी त्यांच्या नावावर, चालवतात त्या, आणि क्लच प्लेट बदलायची मंजुरी घ्यायला आमच्या मुलानं फोन केला त्यांच्या नवऱ्याला. "तुमच्याकडे मोबाइल नंबर माझा आहे ना?" आहे. यापुढे गाडी पाठवाल का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. माफी मागितली, मुलाला बोलावून त्याच्यासमोर सिस्टीममध्ये नोंद केली.

५:४५

डिलिव्हरीची गर्दी, वॉशिंगला रांग. त्यातच पुण्याचं उत्तर आलं: गुडविल पन्नास टक्के मंजूर.

साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे निम्मी चूक माझी का?"

मी आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेलो. जुनी माणसं आहेत, आधी ट्रॅक्टर विकायचे. उरलेले पन्नास टक्के आणि लेबर डीलरशिपनं सोसायचं ठरलं. दोन मिनिटं लागली. लिंक रॉडचे पैसेही परत करायला त्यांनीच सांगितलं. ही दोन मिनिटं पहिल्याच खेपेला मिळाली असती तर खर्च एका आर्मचा होता. माझं म्हणणं कंपनीनं एकदा ऐकावं: प्रत्येक वर्कशॉपला महिन्याकाठी एक ठरावीक रक्कम गुडविलसाठी द्या, गेटवरच्या माणसाला ती वापरू द्या, आणि हिशेब मागाहून मागा. एका जाहिरातीच्या खर्चात अख्ख्या महाराष्ट्राचं भागेल.

७:५०

लोअर आर्म सोलापूरच्या डीलरकडे सापडला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतोय, उद्या अकराला गाडी रॅम्पवर. साहेब पुढची गाडी आमची घेतील का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तुमची गाडी कुठल्याही कंपनीची असो, सर्व्हिसला टाकताना जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: केव्हा वाजतं, कुठे वाजतं, चाक कुठल्या बाजूला असताना वाजतं. नंतरच सही करा. आणि त्या कार्डाची प्रत जपून ठेवा, वॉरंटी संपल्यावर तुमच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच कागद असतो.