विसार कशाकरिता?

करावे गावात लग्नपत्रिकेचे किंवा दुकानाच्या पाटीचे काम सांगताना संकल्पकाराने विसार (करार पाळला जाईल याची हमी म्हणून आधी दिलेली रक्कम) मागितला की तो अविश्वास आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः एकाच्या नावाने सिद्ध झालेली आकृती दुसऱ्यास विकता येत नसल्यामुळे, मापाने कापड बेतलेल्या शिंप्याप्रमाणे, त्याची जोखीम पहिल्या रेघेपासूनच सुरू झालेली असते.

तथापि विसार सरसकट जप्त करता येतो हा समजही बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्थावर मालमत्तेच्या एका दाव्यात स्पष्ट केले, की हमीची रक्कम जप्त होऊ शकते, निव्वळ किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम नव्हे. शिवाय १८७२च्या करार अधिनियमाचे कलम ७४ भरपाई वाजवीच ठेवते. म्हणून पावतीवर रकमेचे स्वरूप आणि काम मोडल्यास काय परत मिळेल, हे आरंभीच लिहावे.

मोबदलाही केवळ कागद-छपाईवरून ठरवू नये. पत्रिकेतील निमंत्रकांच्या नावांचा क्रम भाऊबंदांच्या मानापमानानुसार तीनदा बदलला, तर प्रत्येक वेळी सारी मांडणी नव्याने बसवावी लागते. किती दुरुस्त्या मूळ दरात आणि पुढील प्रत्येकीस किती आकार, हे दरपत्रकातच नमूद असावे, हे मला अत्यावश्यक वाटते.