खेळाआधीची देवडी

कॅसेटवाला टीव्ही गेम ज्यांनी खेळला आहे, त्यांना रिकाम्या यंत्राचं दर्शन आठवत असेल. खाचेत कॅसेट नसताना बटण दाबलं की पडदा एकतर काळा, नाहीतर एकरंगी. कॅसेट अर्धवट बसली असेल तर चौकटींचा गोंधळ. मग ती उपसायची, तोंडात फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. बहुतेक यंत्रांना स्वतःचं म्हणावं असं काही बोलताच येत नव्हतं. खेळ कॅसेटमधल्या चिपवर, प्रोसेसरच्या थेट हाताशी असायचा. बटण दाबल्या क्षणी तो सुरू. यंत्र म्हणजे मधला दलाल. दलालाचं नाव कोण विचारतो?

सीडी आली आणि मामला बदलला. सीडीवरचं काहीच प्रोसेसरच्या हाताशी नसतं. आधी मोटर फिरवायची, भिंग सरकवून लेझरचा ठिपका बरोबर रेघेवर आणायचा, वाचलेलं मेमरीत उतरवायचं, मग कुठे खेळ. आणि हे सगळं करवून घेणारा प्रोग्राम सीडीवर ठेवून चालत नाही, कारण सीडी वाचायची कशी हेच तर त्याने सांगायचं असतं. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावण्यातली गत. म्हणून तो प्रोग्राम यंत्रातच एका चिपवर कायमचा कोरावा लागला. बायॉस म्हणतात तो हाच. १९८८ साली जपानात एनईसीच्या पीसी इंजिन या यंत्राला सीडीची जोड मिळाली, तेव्हा हा प्रोग्राम एका वेगळ्या पातळ कार्डावर दिलेला होता. कार्ड खोचलं की पडद्यावर नाव यायचं आणि ‘रन’ बटण दाबायची सूचना. कामापुरतं बोलणं.

खरी मौज पुढच्या काही वर्षांत झाली. सीडी जागेवर येईपर्यंत काही सेकंद रिकामे जात होते आणि खेळणारा समोर बसलेला होता. त्या सेकंदांचं काय करायचं, याची उत्तरं प्रत्येक कंपनीने आपापल्या स्वभावाप्रमाणे दिली. सगळ्यात नीट पाहण्यासारखं उत्तर पहिल्या प्लेस्टेशनचं.

३ डिसेंबर १९९४ ला सोनीने ते जपानात विक्रीला आणलं. केन कुतारागी या अभियंत्याच्या हट्टातून उभं राहिलेलं यंत्र. मुख्य मेमरी दोन मेगाबाइट, सीडी वाचायचा वेग सेकंदाला तीनशे किलोबाइट. म्हणजे नुसती मेमरी भरायची म्हटली तरी सात सेकंद गेले. बायॉसची चिप ५१२ किलोबाइटची. यंत्राचा सगळा कारभार, जपानी चिन्हांचा टंक, सुरुवातीचं चित्र, आवाज आणि मेनू हे सगळं तेवढ्यात. फोनवर काढलेला एखादा साधा फोटोही याहून जास्त जागा खातो.

बटण दाबलं की पडदा करडट पांढरा होतो. खालून खर्जातला एक दणका येतो आणि त्यावर स्वरांचा पडदा हळूहळू वर चढत जातो, मैफलीआधी तंबोरे जुळून यावेत तसा. मध्यभागी नारिंगी-पिवळे तुकडे एकत्र येऊन शंकरपाळ्याच्या आकारात बसतात, सोबत कंपनीचं नाव. हा आवाज ताकाफुमी फुजिसावा यांनी बांधलेला. मग पांढरा पडदा जातो आणि काळा येतो. आवाज खोल उतरतो, काळोखात उभा ‘पी’ आणि त्याच्या पायाशी आडवा पडलेला ‘एस’ दिसतो. हे चिन्ह मनाबु साकामोतो यांचं.

बघणाऱ्याला ही एकाच जाहिरातीची दोन दृश्यं वाटतात. ती तशी नाहीत. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकलं की लगेच चौक लागत नाही, आधी देवडी लागते. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या बैठका. आलेल्याने तिथे थांबायचं, कोण कुठले ते सांगायचं, आत वर्दी जायची, मग पुढे. प्लेस्टेशनचा पांढरा पडदा ही अशी देवडी आहे. तो सगळा यंत्रातल्या चिपवरून येतो. सीडी घातलेली नसली तरी येतो. काळा पडदा मात्र आतून वर्दी आल्याचं लक्षण. अमेरिकेत आणि युरोपात विकल्या गेलेल्या सीड्यांवर अगदी सुरुवातीच्या भागात परवान्याचा मजकूर असतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘पीएस’ या चिन्हाचा त्रिमितीय आराखडा. काळोखात दिसणारं ते चिन्ह यंत्राचं नसून सीडीवरून नुकतंच वाचून आणलेलं असतं. ते दिसलं म्हणजे लेझर चालतोय, सीडी ओळखली गेलीय, खेळ येतोय. कुणी समजावून सांगितलेलं नसतानाही पोरांना हे कळत होतं. पांढऱ्या पडद्यावर श्वास धरायचा, काळा आला की सोडायचा. लेझरची गाडी झिजलेली प्लेस्टेशनं लोक जगभर उताणी पालथी करून चालवत असत. पालथ्या यंत्रावर काळा पडदा उमटला की खोलीत जल्लोष.

देवडीवर चौकशी होते ती कसली, हे बघण्यासारखं आहे. सीडीच्या सगळ्यात आतल्या कड्यात, जिथे खेळ सुरूही झालेला नसतो, तिथली रेघ सोनीच्या कारखान्यात मुद्दाम किंचित लटपटती काढलेली असे. त्या लटपटीत चार अक्षरं दडलेली: जपानी सीडीवर ‘एससीईआय’, अमेरिकी सीडीवर ‘एससीईए’, युरोपीय सीडीवर ‘एससीईई’. यंत्र ती वाचतं आणि आपल्या प्रांताची असतील तरच पुढे सोडतं. गंमत अशी की सीडीवरचा खेळ घरच्या राइटरवर बिनचूक उतरवता येतो, पण ती लटपट उतरत नाही. प्रत शंभर टक्के खरी, आणि तरीही देवडीवर अडते.

यावर निघालेला तोडगा म्हणजे चिप. नखाएवढा एक मायक्रोकंट्रोलर, त्याला चार-सहा तारा, आणि त्या बोर्डावर नेमक्या जागी डाग देऊन जोडायच्या. ही चिप काहीही तपासत नाही. सीडी कुठलीही असो, ती चार अक्षरं सेकंदाला २५० बिट या संथ गतीने पहारेकऱ्याच्या कानात म्हणत राहते: आपलाच माणूस आहे, सोड. नव्वदीच्या शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांतून ‘चिप मारलेलं’ यंत्र मिळे, आणि विकत घेताना पहिला प्रश्न चिपचाच असे. कायद्याच्या नजरेत हे काय होतं ते उघड आहे. पण इथल्या कित्येकांनी प्लेस्टेशनचा तो पांढरा पडदा पहिल्यांदा पाहिला तो अशाच यंत्रावर, आणि त्यांच्या कानांत बसलेला आवाज अस्सलच होता.

आणि सीडी घातलीच नाही तर? तर यंत्र देवडीवरच बसवून घेतं. मेनू उघडतो आणि त्यात दोनच गोष्टी असतात: मेमरी कार्ड आणि सीडी प्लेयर.

मेमरी कार्ड, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद साठवणारा तुकडा, हे एक लहानसं वतन होतं. १२८ किलोबाइट, त्याचे सोळा भाग; त्यातला एक दप्तर ठेवायला, उरलेले पंधरा तुमचे. पडद्यावर दोन्ही कार्डांचे पंधरा-पंधरा चौकोन समोरासमोर मांडलेले, भरलेल्या चौकोनात त्या त्या खेळाचं चिमुकलं चित्र. हे चित्र सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, रंग सोळाच. हिशोब करून पाहा: २५६ ठिपके, प्रत्येकाला अर्धा बाइट, म्हणजे बरोबर १२८ बाइट, आणि कार्ड एका दमात लिहितं तेही १२८ बाइटच. एका घासाचं एक चित्र. जास्तीत जास्त तीन चित्रांची साखळी करून ते हलवता येई. आपल्याकडे रांगोळीचे ठिपके मोजून काढणाऱ्यांना या कामाची अडचण आणि मजा दोन्ही लगेच कळेल. सोळा ठिपक्यांत गाडी, तलवार, चेहरा बसवायचा आणि तो टीव्हीवर दहा फुटांवरून ओळखू यायला हवा.

जागा पंधराच, त्यामुळे भांडणं ठरलेली. एकेक खेळ दोन-दोन, चार-चार चौकोन अडवून बसतो. नवा खेळ आला की कुणाचा तरी जुना पुसायचा. भावाचा पुसला जातो. इथे एक बारकावा आहे, जो त्या वेळी कुणाला माहीत असता तर बरीच मारामारी टळली असती. ‘डिलीट’ दाबल्यावर त्या चौकोनातला मजकूर पुसला जात नाही. दप्तरातल्या त्याच्या नोंदीवर फक्त ‘रद्द’ची खूण होते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, जमीन होती तिथेच. दुसरा खेळ त्यावर लिहिला जाईपर्यंत सगळं शाबूत असतं. खूण उलटी फिरवली की गेलेला खेळ परत येतो. मात्र ती उलटी फिरवायची सोय मेनूत कुठे दिसत नव्हती.

मेनूतली दुसरी गोष्ट गाण्यांची. सीडी प्लेयर हा वरकरणी फुकटचा जोडधंदा. यंत्रात लेझर आहेच, तर गाणीही ऐका. पण प्लेस्टेशनच्या बाबतीत नातं जरा जवळचं होतं. त्याचा प्रोसेसर ३३.८६८८ मेगाहर्ट्झवर चालतो. हा आकडा इतका विचित्र का? गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्याला ७६८ ने गुणा: ३,३८,६८,८००. म्हणजे खेळाच्या यंत्राचं काळीज गाण्याच्या तबकडीच्या ठेक्यात धडधडतं, एका मात्रेत नेमके ७६८ ठोके. पुढे या यंत्राचं अगदी पहिलं मॉडेल, मागे लाल-पांढरी आवाजाची भोकं असलेलं, काही चोखंदळ श्रोते खास गाणी ऐकण्यासाठी शोधू लागले. त्यांच्या कानांबद्दल मी काही बोलत नाही, पण गुणाकार मला आवडतो.

प्लेस्टेशनच्या अकरा दिवस आधी, २२ नोव्हेंबर १९९४ ला सेगाचं सॅटर्न आलं होतं. तिथे पडद्यावर तुकडे उडत येऊन शनीचं चिन्ह जुळतं, आणि सीडी प्लेयर उघडला तर अवकाशात एक यान तरंगतंय, बटणं त्याच्या पुढ्यात. हौस दांडगी. नोंदी ठेवायला यंत्रातच ३२ किलोबाइट मेमरी, आणि तिचा जीव एका गोल बटणसेलमध्ये. सेल संपला की नोंदी गेल्या, आणि मग प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र भाषा विचारतं, तारीख-वेळ विचारतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी दारात रोज नाव विचारावं तसं. सॅटर्न बाळगून असलेले लोक आजही सेल बदलतात.

याच सेगाने २७ नोव्हेंबर १९९८ ला ड्रीमकास्ट आणलं आणि सुरुवातीचं संगीत चक्क र्‍युइची साकामोतो यांच्याकडून करून घेतलं. ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्करचे वाटेकरी झालेला माणूस आणि त्याला दिलेला अवकाश काही सेकंदांचा. एक ठिपका उसळत येतो, त्याच्यामागे भोवरा उमटतो. जपानात नारिंगी, युरोपात निळा. सुरेख आहे, पण मला ते नेहमी पाहुण्या कलाकाराचं काम वाटत आलं आहे. यंत्राच्या पोटातून आल्यासारखं वाटत नाही. अडीच वर्षांच्या आत सेगाने यंत्रं बनवणंच थांबवलं.

निन्टेन्डोने सगळ्यात उशिरा, सप्टेंबर २००१ मध्ये, गेमक्यूबबरोबर छोटी, डीव्हीडीच्या जातीची तबकडी स्वीकारली. एक चौकोनी ठोकळा घरंगळत जाऊन ‘जी’ अक्षर रेखतो. सुरू होताना ‘झेड’ बटण धरून ठेवलं तर ठोकळ्याचे आवाज बदलून खेळण्यासारखे चिवचिवाटी होतात. चार जणांनी चार कंट्रोलरांवर एकदम धरलं तर जपानी रंगभूमीवरच्यासारखी आरोळी. याहून खोल खोडी मेनूतल्या मंद, धुकट संगीतात आहे. ते सोळापट वेगाने वाजवलं की १९८६ च्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिम या त्यांच्याच जुन्या यंत्राची सुरुवातीची धून निघते. पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज इतका ताणलेला की कुणाला ओळखू येऊ नये.

पण या सगळ्या देवड्यांत मला हलवून गेली ती प्लेस्टेशन २ ची. मार्च २००० मधलं हे यंत्र. निळसर काळोख, आणि त्यात वरून दिसणारे उंच-बुटके मनोरे. अनेकांना ती नुसती शोभा वाटली. प्रत्यक्षात ते मनोरे तुमचे असतात. यंत्र मेमरी कार्डावर गुपचूप नोंद ठेवतं, कुठला खेळ किती वेळा लावला, २१ खेळांपर्यंत. जास्त लावलेल्या खेळाचा मनोरा उंच होत जातो. कोऱ्या कार्डावर मैदान उजाड. वर्षभर खेळलेल्या घरात शहर उभं. यंत्र याबद्दल चकार शब्द काढत नाही. चुकीची किंवा ओरखडलेली तबकडी घातली तर मात्र तेच निळं धुकं लाल होतं आणि योग्य तबकडी घालायची सूचना येते. ती लाली अचानक बघितलेली पोरं अजून तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलतात.

डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनला तीस वर्षं झाली म्हणून सोनीने प्लेस्टेशन ५ वर काही आठवड्यांसाठी जुनी सुरुवात परत आणली. बटण दाबलं की तोच खर्ज, तोच चढत जाणारा स्वर. हे यंत्र सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतं. पहिल्याची सगळी मेमरी ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत भरून टाकील. त्याचं एक मॉडेल तर तबकडीच्या खाचेशिवायच विकलं जातं. तरी त्या आठवड्यांत ते सगळ्यांना थोडा वेळ देवडीवर बसवत होतं, आणि लोक बसत होते.