एक ठेवा, बाकीची पुढे सरकवा

चौघं खेळायला बसलो आहोत आणि प्रत्येकाच्या हातात आठ पानं आहेत. त्यातलं एक निवडून पालथं ठेवायचं. सगळ्यांचं ठेवून झालं की एकदमच उलटायचं आणि उरलेली सातही पानं डावीकडच्या भिडूच्या हाती द्यायची. त्याच वेळी उजवीकडून सात नवी पानं आपल्याकडे येतात. पुन्हा एक ठेवायचं, सहा पुढे द्यायची. पानं संपली की डाव संपला. ‘सुशी गो!’ या खेळाचा गाभा एवढाच आहे. आठ वर्षांच्या मुलाला तो बघता बघता समजतो, आणि तीन डावांचा पूर्ण खेळ साधारण पंधरा मिनिटांत आटोपतो. इतक्या छोट्या नियमात इतका विचार कसा मावतो, याचं मला प्रत्येक वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

खेळ रचला फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन रचनाकारानं. 2013 मध्ये त्यानं तो इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा करून स्वतःच काढला. पुढच्या वर्षी ‘गेमराइट’ या अमेरिकी कंपनीनं तो पत्र्याच्या छोट्या डबीत घालून जगभर पोहोचवला. डबीत 108 पानं असतात आणि बहुतेकांवर हसऱ्या चेहऱ्याचा एखादा जपानी पदार्थ.

पदार्थ जपानी असण्यामागे कारण आहे. योशिआकी शिराइशी या उपाहारगृहाच्या मालकानं बिअरच्या कारखान्यात सरकपट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि 1958 मध्ये ओसाकाजवळ सरकत्या पट्ट्यावर सुशीच्या बश्या मांडून जगातलं पहिलं तसं दुकान उघडलं. गिऱ्हाईक जागेवर बसून राहतं, बश्या समोरून जातात, हवी ती उचलायची. खेळात पट्ट्याची जागा माणसांचे हात घेतात. समोर आलेली बशी आत्ता सोडली तर पुढचा ती उचलेल की फेरी मारून ती आपल्याकडे परत येईल, ही त्या दुकानातली हुरहूर पानांमध्ये जशीच्या तशी उतरली आहे.

मेंढीकोट किंवा बदाम सात खेळताना पानं वाटली की हात आपला होतो. तो चांगला असो वा वाईट, त्यातूनच मार्ग काढायचा. इथे कुठलाच हात कुणाचा नसतो. या पद्धतीला ड्राफ्टिंग म्हणतात. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणारे लोक पानांचे गठ्ठे असेच फिरवत आले आहेत. आंत्वान बोझा यांच्या 2010 च्या ‘सेव्हन वंडर्स’नं हीच पद्धत मोठ्या पटावरच्या खेळात आणली. ‘सुशी गो!’नं तिच्यावरचा सगळा भार उतरवून फक्त गाभा ठेवला. शिवाय सगळे एकाच वेळी निवडतात, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत ताटकळणं नाही. खेळ वेगवान होतो तो त्यामुळेच.

आता गुणांकडे पाहू. निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेला तुकडा, सरळ गुण देते: अंड्याची 1, सामनची 2, स्क्विडची 3. तेम्पुराचं एक पान शून्य, दोन मिळून 5. साशिमीचं एक शून्य, दोन शून्य, तीन झाली की 10. मोमोसारखे डम्पलिंग जसजसे जमतील तसे 1, 3, 6, 10, 15 असे वाढत जातात. माकी रोल ज्याचे सर्वांत जास्त त्याला 6, दुसऱ्याला 3. वासाबीला स्वतःचा गुण नाही, पण तिच्यानंतर ठेवलेली पहिली निगिरी तिप्पट होते. स्क्विड आला तर 9, आणि आधी अंडंच ठेवावं लागलं तर 3 वरच समाधान.

साशिमीचे 10 गुण कुणालाही भुरळ घालतील, म्हणून तिथे जरा थांबतो. 108 पानांत साशिमीची पानं 14. चार जण खेळत असतील तर एका डावात 32 पानं वाटली जातात, म्हणजे त्यात साशिमी सरासरी चार. चार पानांत तिनाचा संच एकच बसतो. याचा अर्थ, ते 10 गुण बहुधा टेबलावर एकाच माणसापुरते असतात. दोघांनी साशिमी जमवायला घेतली आणि दोन-दोन वाटून घेतली, तर दोघांच्याही पदरी शून्य. म्हणजे साशिमीची किंमत पानावर छापलेली नाही. आणखी किती जणांना ती हवी आहे यावर ती ठरते, आणि समोर उघडी पडलेली पानं पाहून दर फेरीला ती बदलते. दोघंच खेळत असतील तर प्रत्येकी दहा अशा वाटलेल्या 20 पानांत सरासरी तीन साशिमीही नसतात. तेच पान, पण भिडू बदलले की वेगळंच.

याहून विलक्षण गोष्ट पाचव्या फेरीत घडते. चौघांच्या डावात पहिला हात आपण 8 पानांचा पाहतो, दुसरा 7 चा, तिसरा 6 चा, चौथा 5 चा. एकूण 26 पानं डोळ्यांखालून गेली. आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्यांनी काढून घेतलेली 6 पानं राहिली, पण ती तर टेबलावर उताणी पडलेली आहेत. 26 आणि 6, झाली 32. पहिला हात चार पानं उरवून आपल्याकडे परततो तेव्हा डावातलं एकही पान गुप्त राहिलेलं नसतं. कुणाच्या हातात काय आहे, हे लक्ष ठेवणाऱ्याला तंतोतंत सांगता येतं. नशिबाचा म्हणून सुरू झालेला डाव मध्यावर बुद्धिबळासारखा उघडा होतो. झाकलेलं असतं ते इतकंच, की पुढच्या क्षणी कोण काय निवडणार. आणि हे सगळं हसऱ्या चेहऱ्यांच्या गोंडस चित्रांआड चाललेलं असतं!

तेम्पुराच्या पानाशी एक इतिहासही जोडलेला आहे. पिठात बुडवून तळण्याची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे जपानात रुजली असं मानलं जातं. खेळायचे पत्तेही त्याच काळात त्यांच्याच जहाजांवरून तिथे गेले. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी गोवा होती. इथून मलाक्का आणि पुढे मकाववरून जपानची वाट होती, आणि 1549 मध्ये कागोशिमाला उतरलेले फ्रान्सिस झेवियर त्याआधी गोव्यात राहून गेले होते. पत्त्यावर काढलेला तेम्पुरा पाहिला की मला हा सगळा सागरी मार्ग आठवतो.

शेवटी दोन पानं राहतात, ज्यांमुळे खेळाला काळाचं भान येतं. पुडिंग डावाच्या शेवटी मोजत नाहीत. तिन्ही डाव संपल्यावर ज्याची सर्वांत जास्त त्याला 6 गुण मिळतात, सर्वांत कमी त्याचे 6 जातात. दोघंच खेळत असले तर ही वजाबाकी नसते. लहान मुलं पुडिंग गोड म्हणून घेतात आणि खूपदा त्याच जोरावर जिंकतात.

दुसरं पान चॉपस्टिक्सचं. ते घेताना एक फेरी वाया जाते, कारण त्याला गुण शून्य. पण पुढे कधीतरी ‘सुशी गो!’ असं ओरडून एका हातातली दोन पानं एकदम उचलता येतात. त्या बदल्यात चॉपस्टिक्स त्या हातात परत टाकायच्या, मग त्या पुढे फिरत राहतात. शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत त्या राखून ठेवल्या तर मजा बघा. हातात दोनच पानं उरलेली असतात. दोन्ही आपण उचलायची आणि डावीकडच्या भिडूच्या हाती, त्याचं या डावातलं शेवटचं पान म्हणून, नुसत्या चॉपस्टिक्स द्यायच्या.