'स्किम थ्रू' म्हणजे काय?



इंग्रजीच्या तासाला बाईंनी आम्हाला एक मोठा उतारा दिला आणि फळ्यावर लिहिले, 'स्किम थ्रू द पॅसेज.' वेळ दिला दोन मिनिटे. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकाने तर उभे राहून विचारले, "बाई, ही कोणती स्कीम?" त्याला घरकुलाची स्कीम माहीत होती. सगळे हसले, पण खरे सांगायचे तर अर्थ कोणालाच येत नव्हता. मीही नुसतीच हसले.

योजना ती स्कीम, तिच्यातली 'की' दीर्घ. हे स्किम ऱ्हस्व आहे, आणि दोन्हींचे स्पेलिंगही वेगळे.

स्किमचा मूळ अर्थ स्वयंपाकघरातला आहे. पातळ पदार्थावर जे तरंगते ते वरच्यावर काढून घ्यायचे, म्हणजे स्किम करायचे. दूध तापवून निवले की आई साय काढते, डाळ उकळताना वर आलेला फेस पळीने काढून टाकते, ते स्किम. जुन्या फ्रेंच भाषेत फेसाला जो शब्द होता त्यावरून हा शब्द इंग्रजीत आला. दूध पावडरीच्या डब्यावर 'स्किम्ड मिल्क' छापलेले असते, ते साय काढलेल्या दुधाचे. आता बघा, साय काढताना चमचा तळाला जात नाही. वाचतानाही तसेच. शीर्षक, पहिले वाक्य, ठळक अक्षरे, शेवट एवढे बघत भरभर पुढे जायचे आणि उतारा कशाबद्दल आहे तेवढे उचलायचे.

'थ्रू' म्हणजे आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्रियापदाला असा छोटा शब्द चिकटून दोघांचा मिळून अर्थ झाला, की त्याला इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. जे वाचायचे त्याचे नाव थ्रूच्या नंतर येते. 'आय स्किम्ड थ्रू द न्यूजपेपर', मी वर्तमानपत्रावरून नजर फिरवली. 'स्किम इट थ्रू' म्हणायचे नाही, 'स्किम थ्रू इट' म्हणायचे. भूतकाळात लिहिताना 'एम' हे अक्षर दोनदा येते. इथे माझी चूक झाली होती, ती पुढे सांगते.

गंमत म्हणजे 'गो थ्रू' मध्येही तोच थ्रू आहे, पण कचेरीतून 'प्लीज गो थ्रू द लेटर' असे आले तर पत्र नीट बघा असा अर्थ होतो. 'रीड थ्रू' म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणे. आणि नेरळ स्टेशनावर वेळापत्रकात आपण फक्त आपली गाडी शोधतो, बाकीच्या गाड्यांकडे बघतसुद्धा नाही. ते स्किम नव्हे, त्याला स्कॅन म्हणतात.

मराठीत स्किम थ्रूला अगदी जवळचा शब्द आहे चाळणे. पुस्तक चाळले, कागद चाळले असे आपण म्हणतो. पण आपला शब्द चाळणीवरून सुचतो. आपला हा भाताचा मुलूख, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना तर 'कर्जत-३' अशी गावाचीच नावे आहेत. तांदूळ चाळताना सगळाच्या सगळा चाळणीतून हलवावा लागतो, तेव्हा कणी खाली पडते. पुस्तक चाळताना आपण तेवढी मेहनत कुठे घेतो? म्हणून मला वाटते की या कामाला इंग्रजीची साय जास्त बरोबर बसते.

हे मला कळले ते आमच्या घरात. काकांना शेजारचा जमिनीचा तुकडा घ्यायचा होता. विकणाऱ्याने सातबारा आणून दिला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि किती ते असते, बारामध्ये पिके. काकांनी नाव बघितले, क्षेत्र बघितले, बरोबर आहे म्हणाले आणि विसाराचे पैसे मोजायला घेतले. आमची आजी चौथी शिकलेली. तिला भरभर वाचता येत नाही. ती चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवत बसली. सगळे कंटाळले, चहासुद्धा पिऊन झाला. मग तिचे बोट 'इतर हक्क' या रकान्यावर थांबले. जमिनीवर कर्ज असेल, दुसऱ्या कोणाचा हक्क असेल, तर तो तिथे लिहितात. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला होता. विकणारा त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

विसार राहिला. काका बोलले, "पण मी वाचला होता ना!"

आजी बोलली, "वाचला नाय तू. चाळलास."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्किम थ्रू वापरून स्वतःचे वाक्य लिहायला सांगितले, तेव्हा मी आजीचेच वाक्य इंग्रजीत केले. 'यू डिड नॉट रीड इट, यू ओन्ली स्किम्ड थ्रू इट.' बाईंनी बरोबरची खूण केली आणि 'एम' एकदाच लिहिला होता म्हणून त्याखाली लाल रेघ मारली.