कुटकीचा परवाना आणि मेळघाटची मुसळी

आरोग्यवर्धिनीच्या पाठात कुटकीचे प्रमाण उर्वरित सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतके असते, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको. ही कुटकी वऱ्हाडात उगवत नाही. अमरावती-अकोल्याच्या औषधिशाळांत ती येते ती हिमालयाच्या उंच कुरणांतून. काही भारतातील, काही नेपाळातील. औषधी अंग भूमीखाली असल्याने ते खणले की वनस्पतीच संपते. जटामांसीचीही तीच गत.

संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास आळा घालणारा 'साइट्स' करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला. नेपाळ १९७५ मध्ये व भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. कुष्ठ, म्हणजे बाजारातील उपलेट, १९८५ मध्ये पहिल्या परिशिष्टात गेले. जटामांसी व कुटकी १९९७ मध्ये दुसऱ्यात आल्या. वन्य कुष्ठाचा सीमापार व्यापार त्यामुळे बंद झाला. दुसऱ्या परिशिष्टातील द्रव्यासाठी, काढणीने त्या जातीस धोका नाही असे पाहून निर्यातदार देशाने परवाना द्यावयाचा आणि आयातदार देशाने तो सीमेवर तपासावयाचा. एकाने हात आखडला की दुसऱ्याचे श्रम वाया.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. नेपाळातील कुटकी बहुतांशी निराळ्या, भगिनी जातीची असते आणि व्यापारात दोन्हींचे नाव एकच. एका पोत्यात मिसळल्यावर, त्यातही चूर्ण झाल्यावर, कोणती कोठली हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? सीमेवरचा कागद ठोक बाजारापाशीच थांबतो. तो औषधिशाळेपर्यंत यावयाचा असेल तर मागणी आपणच केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. (गुग्गुळ राजस्थान-कच्छप्रमाणे सिंधमध्येही होतो, तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

आपल्या दाराशी देशाची नसली तरी राज्याची सीमा आहे. मेळघाटचे डोंगर धारणीपलीकडे मध्य प्रदेशात तसेच चालू राहतात. एका राज्याने कंद खणण्यास मनाई केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर माल वाट बदलून त्याच पेठेत येतो. वाघांसाठी मेळघाट-सातपुडा हा सलग पट्टा मानून दोन्ही राज्यांचा विचार एकत्र होतो. वनौषधींसाठीही तो व्हावा. काढणीचा काळ आणि वाहतूक परवान्याची नोंद दोन्हीकडे एकसारखी असली, तरी पुष्कळ साधेल.

काही द्रव्यांपुरता जंगलावरील भार येथेच हलका होऊ शकतो. अंजनगाव सुर्जी व अकोट परिसरात पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळी होते. सफेद मुसळीही तेथील शेतकऱ्यांनी लावली आहे. अशा मालाच्या बिलावर 'लागवडीचा' ही नोंद व गावाचे नाव लिहून घ्यावे. वन्य मुसळी घ्यावीच लागली, तर पाने सुकून बी जमिनीवर पडल्यानंतर खणलेलीच घ्यावी. पावसाळ्यात निघालेला कोवळा कंद वाळल्यावर सुरकुततो व वजनास हलका भरतो. तो दुकानातच ओळखून परत करावा.